बांधाबाहेरचं रान

तिवरं वाचवा असं सांगायला आमच्या खारेपाटात मुंबईहून माणसं येतात तेव्हा मला राग येत नाही. बहुतेक माणसं चांगली असतात. गळ्यात दुर्बीण असते, चिखलात पाय घालायची तयारी असते, विचारलेलं ऐकून घेतात. राग येतो तो त्यांच्या मागून येणाऱ्या नकाशाचा. त्या नकाशावर आमच्या गावची शेतं हिरव्या रंगात रंगवलेली असतात. भाताचा हिरवा नव्हे, जंगलाचा हिरवा. सातबाऱ्यावर भात, नकाशावर जंगल, आणि मधे आम्ही उभे.

ज्यांना खारेपाट माहीत नाही त्यांच्यासाठी आधी जमीन सांगतो, मग भांडण सांगतो. अलिबाग आणि पेण तालुक्यांत धरमतरच्या खाडीच्या दोन्ही अंगांना सपाट जमीन पसरली आहे. उधाणाच्या भरतीला खाडीचं पाणी या जमिनीपेक्षा उंच चढतं. म्हणजे आमची शेतं पाण्याच्या खाली आणि ती कोरडी ठेवणारा एकच गडी, मातीचा बांध. खाडीच्या तोंडावरचा मोठा बांध तो बाहेरकाठा. त्यात जागोजागी उघाड्या. ओहोटी लागली की उघाडीतून पावसाचं गोडं पाणी बाहेर पडतं, भरती आली की पाण्याच्याच दाबाने दार बंद होतं. ना वीज लागते, ना मोटार.

पावसाळ्यात शेतात गोडं पाणी साचून राहिलं की मीठ खाली दबतं, आणि तेवढ्या चार महिन्यांत एक पीक निघतं. उन्हाळ्यात तेच मीठ ओलीबरोबर वर चढतं आणि जमिनीवर पांढरा फुफाटा दिसतो. म्हणून इथे चिखलात मोड आलेलं बी फोकायचं, रहू करायचा. काळा राता, भुरा राता हे जुने तांबडे भात खारं सोसणारे होते. पुढे पनवेलच्या संशोधन केंद्राने पनवेल १, २, ३ अशी वाणं काढली. शेताच्या कडेच्या तळ्यात जिताडा. जावई आला की तो बाहेर काढायचा, एरवी त्याच्याकडे बघून दिवस काढायचे.

आता तिवर. बाहेरकाठ्याच्या पुढे खाडीपर्यंत तिवरांचं रान हवंच, हे आम्हांला कुणी परदेशी शास्त्रज्ञाने शिकवलं नाही. लाट आधी तिवरात शिरते, तिथे तिचा जोर मोडतो, आणि बांधापाशी येते तेव्हा ती नुसतं पाणी असते. तिवरांची मुळं चिखलातून पेन्सिली रोवाव्यात तशी वर येतात, त्यांत गाळ अडकतो आणि बांधाचा पाया वाढत जातो. त्याच मुळांत कोळंबीची आणि बोइटांची पिल्लं वाढतात, चिंबोऱ्या लपतात, निवट्या उड्या मारतात. बाहेरकाठ्याच्या पुढचं तिवर कुणी तोडायचं नाही हा गावचा कायदा होता. वाळलं लाकूड न्या, बकऱ्यांना पाला काढा, पण बुंध्याला कोयता लावला तर गावकीत जाब द्यावा लागे. हा कायदा कुठल्याही राजपत्रात छापलेला नव्हता. छापायची गरज पडली नाही, कारण ज्याने तिवर तोडलं त्याचंच शेत आधी बुडायचं.

बांधाच्या बाहेर तिवर आणि बांधाच्या आत भात, अशी ही घडी होती. दोघांच्या मधे बांध. सगळी गोष्ट त्या बांधाची आहे, आणि नेमका बांधच कुणाच्या नकाशावर दिसत नाही.

बांध राखायच्या पद्धतीला आमच्याकडे जोळ म्हणतात. ज्याची जमीन त्या बांधाच्या आधाराने पिकते त्याने जमिनीच्या मापाने माणसं द्यायची. भांगाचे दिवस बघून, म्हणजे भरती कमी चढते तेव्हा, खाजणातल्या चिखलाची ढेकळं कापायची आणि माणसांची रांग लावून हातोहात बांधावर पोचवायची. रात्री-अपरात्री खांड पडली तर हाळी जायची. ज्याच्या दारात मयत असेल त्यानेही घरातला एक गडी पाठवायचा. म्हातारे म्हणत, "पानी इचारून येत नाय." चिंबोरीने पाडलेलं बीळ आज बुजवलं नाही तर उद्या तिथे धार लागते, परवा खांड पडते. मूठभर चिखलाने थांबणारं काम आठ दिवसांनी लाखाचं होतं. हे गणित जोळीतल्या पोरालाही यायचं.

मग या बांधाचा मालक बदलत गेला. खोतांच्या काळात खोत वसूल घ्यायचा आणि बांधाचा बोजाही कुळाच्या मानेवर टाकायचा. त्या खोतीविरुद्ध याच खारेपाटातल्या चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटलांच्या पुढारपणाखाली १९३३ साली संप केला आणि पाच-सहा वर्षं जमिनी नांगरल्या नाहीत. पडेल ते काम करून पोरं जगवली. पुढे खोती गेली, कूळकायदा आला, १ एप्रिल १९५७ ला कूळ मालक झालं. जमिनीचा मालक ठरला. पण बांधाचा मालक कोण, हे त्या दिवशी कुणी नीट लिहून ठेवलं नाही. आधी १९४८ चा खारजमिनींचा कायदा होता, मग १९७९ चा खारभूमी विकास कायदा आला. सरकारी योजना आल्या, बांधांना दगडी पिचिंग झालं, नव्या उघाड्या बसल्या. चांगलं झालं, वाईट म्हणत नाही. पण बांध सरकारी झाला की जोळ सैल पडते. सरकारी बांधाला गावाने हात लावायचा तर साहेबाला विचारायचं, आणि साहेब म्हणणार अंदाजपत्रक पाठवलंय. चिंबोरी अंदाजपत्रकासाठी थांबत नाही.

आमच्या बांधाला खांड पडली ती एका श्रावणी अमावास्येच्या उधाणाला. त्याच्या आधी दोन वर्षं आम्ही अर्ज देत होतो. खाडीतून बार्ज जातात, त्यांच्या लाटा रोज बांधाचा पाय खातात, तेही लिहून दिलं होतं. ज्या कचेरीत ते अर्ज दिले तिचं नाव घेत नाही, कारण नाव घेतलं की भांडण त्या एका कचेरीपुरतं उरतं. पोचपावत्या माझ्याकडे आहेत. खांड पडली तेव्हा ती बैलगाडीच्या रुंदीची होती. गावाने पेंढा, बांबू, मातीच्या गोणी घालून दोनदा बुजवली, दोनदा गेली. पावसाळा सरेपर्यंत ती तीस पावलांची झाली. आज अकरा वर्षं झाली, तिच्यातून होडी जाते.

शेत बुडतं म्हणजे काय होतं ते शहरातल्या माणसाला एकदम कळत नाही. त्याला वाटतं पूर आला, ओसरला, पुढच्या वर्षी पेरा. खारं पाणी तसं जात नाही. पहिल्या वर्षी भात करपतं. बांध लगेच बांधला तर दोन-तीन पावसाळे मीठ धुण्यात जातात, मग जमीन वळणावर येते. बांध नाही बांधला तर दिवसातून दोनदा भरती आत येते आणि तिच्याबरोबर तिवराचं बी येतं. तिवराचं बी झाडावरच कोंब धरतं, पाण्यावर तरंगत येतं आणि जिथे चिखल मिळेल तिथे पाय रोवतं. तिसऱ्या वर्षी गुडघाभर तिवरं होती. आज माझ्या डोक्यावरून गेली आहेत. आतल्या बांधांच्या रेषा अजून ओहोटीला दिसतात, आमचं तळंही ओळखू येतं. त्यात आता जिताडा आपल्या मर्जीने येतो, आपल्या मर्जीने जातो.

आणि मग उपग्रहाने वरून फोटो काढला. उपग्रहाला झाड दिसतं, खांड दिसत नाही.

कायद्याविषयी मी उगाच बोलत नाही. ६ ऑक्टोबर २००५ ला मुंबई उच्च न्यायालयाने राज्यभर तिवरांची तोड थांबवली. त्याच वर्षीच्या २६ जुलैला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता, मुंबई बुडाली होती, आमच्या रायगडातही महाडकडे दरडी कोसळून गावं गाडली गेली होती. पाण्याच्या वाटा बुजवल्या की काय होतं ते सगळ्यांनी पाहिलं होतं. मग १७ सप्टेंबर २०१८ ला न्यायालयाचा शेवटचा निकाल आला. तिवरांचा नाश हा माणसाच्या जगण्याच्या हक्कावरचा घाला आहे, तिवर सरकारी जमिनीवर असो की खाजगी त्याला संरक्षण, आणि भोवती पन्नास मीटरची मोकळी पट्टी. हा निकाल नसता तर ठाण्यापासून उरणपर्यंत किती खाजणं डेब्रिजखाली गेली असती याचा हिशेब नाही. मी त्या निकालाच्या बाजूचा माणूस आहे. खाडीकाठी राहणारा, शुद्धीवर असलेला कुठलाही माणूस त्याच बाजूचा असला पाहिजे.

पण आता ते पन्नास मीटर आमच्या गावात येऊन मोजा. तिवर बांधाच्या पुढे असतं, कारण आम्ही ते तिथे राखलं. तिथून पन्नास मीटर मोजले की बांध त्यात येतो, बांधाला माती काढायची खाजणाची जागा त्यात येते, उघाडी त्यात येते. ज्या गावाने तिवर राखलं त्याचा बांध पट्टीत सापडला, आणि ज्याने तिवर कधीच साफ करून टाकलं त्याला मोजायला झाडच नाही! किनाऱ्याच्या नियमांत खारं पाणी आत येऊ न देण्याच्या कामाला वाव ठेवलेला आहे, ते मी वाचलं आहे. पण तो वाव कागदावर. गावातली चार माणसं घमेली-फावडी घेऊन खांडीवर गेली की मोबाइलवर फोटो निघतो आणि दुसऱ्या दिवशी विचारणा होते, परवानगीचा कागद दाखवा. कागद आणायला गेलं की हे टेबल त्या टेबलाकडे बोट करतं, ते टेबल ठाण्याकडे नाहीतर मुंबईकडे. जो बांध फुटला म्हणून तिवरं आत आली, तोच बांध आता तिवरं आत आहेत म्हणून बांधता येत नाही. हे कोडं आहे की न्याय आहे?

आणि परवानगी कुणाला मिळते तेही बघू. डिसेंबर २०२२ मध्ये बुलेट ट्रेनसाठी सुमारे बावीस हजार तिवरं तोडायला परवानगी मिळाली. सार्वजनिक हिताचं काम म्हणून मिळाली, कायद्याने मिळाली, तिच्यावर मी आक्षेप घेत बसत नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये धारावीच्या पुनर्वसनासाठी कांजूर, भांडुप, मुलुंडकडच्या मिठागरांची अडीचशे एकरांहून जास्त जमीन द्यायला राज्याच्या मंत्रिमंडळाने मंजुरी दिली. मिठागर म्हणजे भरतीचं पाणी सामावून घेणारी परात. आम्ही आगरी, आमच्या नावातच आगर आहे, मिठागराचं काम काय असतं ते आम्हांला सांगायला नको. तर त्या परातीत इमारती उभ्या करणं सार्वजनिक हित. आणि दोनशे घरांचं भात पिकवणारा, होता त्याच जागी होता तेवढाच मातीचा बांध पुन्हा उभा करणं हे मात्र पर्यावरणाची हानी.

भराव आणि बांध यांतला फरक तरी लक्षात घ्या. भराव घातला की जमीन कायमची मेली. तिच्यावर तिवर नाही, भात नाही, मासा नाही. बांध मातीचा असतो, पाण्याला वाट देणारी उघाडी त्याच्या पोटात असते, त्याच्या आत पावसाचं पाणी चार महिने उभं राहतं, बगळे येतात, बेडूक ओरडतात. आणि अकरा वर्षांत आम्हांला दिसलंच की बांध सोडून दिला तर समुद्र जमीन परत घेतो. भरावातून त्याला काही परत घेता येत नाही. तरी सरकारी कागदात आमची आणि डेब्रिजचे ट्रक रिकामे करणाऱ्यांची जात एकच, अतिक्रमण करणारे.

एक शिकलेला मुलगा मला म्हणाला, "काका, मुळात ती जमीन समुद्राचीच होती ना? त्याने परत घेतली." मुलगा गुणी होता, म्हणून मी शांतपणे विचारलं, बाबा तू राहतोस कुठे? म्हणाला, वरळीला. महालक्ष्मी आणि वरळीच्या मधे समुद्र आत शिरायचा, तो अठराव्या शतकात हॉर्नबी वेलार्ड घालून अडवला. तोही बांधच की. सात बेटांची मुंबई बांध आणि भराव घालूनच एक झाली. तिथल्या बांधाला उद्या खांड पडली तर अकरा वर्षं वाट बघतील का? आणि रस्त्यावर तिवर उगवलं तर वरळीचे फ्लॅट जंगल म्हणून जाहीर करतील का? मुलगा हसला, पण मी विनोद करत नव्हतो.

दुसरा मुद्दा आकड्यांचा. भारतीय वन सर्वेक्षणाचा अहवाल दर दोन वर्षांनी निघतो. २०१३ च्या अहवालात महाराष्ट्रात १८६ चौरस किलोमीटर तिवरं होती, २०१७ च्या अहवालात ३०४ झाली, २०२१ च्या अहवालात ३२४. पेपरात मोठ्या मथळ्याने आलं, महाराष्ट्रात कांदळवन वाढलं. वाढलं तर आनंद आहे. पण त्या अहवालात दाट, मध्यम, विरळ असे रकाने असतात, बांधाबाहेरचं आणि फुटलेल्या बांधाच्या आतलं असा रकाना नसतो. माझं अडीच एकर शेत त्या शाबासकीत कुठेतरी मोजलं गेलं आहे. आमच्या घरातलं भात गेलं ते कुठल्या रकान्यात लिहिलं?

आता आमच्याच माणसांविषयी दोन शब्द, नाहीतर कुणी म्हणेल हा एकाच बाजूचं बोलतो. खारेपाटात असेही लोक आहेत जे बाहेरचं तिवर रात्री तोडतात, कोळंबीच्या तळ्यासाठी नाहीतर नुसती जमीन मोकळी दिसावी म्हणून. त्यांना आमच्या भांडणाच्या आडोशाला उभं राहू देऊ नये. त्यांच्यावर गुन्हा दाखल व्हावा आणि तो लवकर सुनावणीला यावा. शेतकऱ्याचं नाव पुढे करून जो बाहेरकाठ्यापुढचं रान मागतो तो शेतकऱ्यासाठी बोलत नाही, तो कुणाची तरी ऑर्डर घेऊन आलेला असतो.

कारण या सगळ्यात खरा फायदा कुणाचा होतो ते गावात सगळ्यांना ठाऊक आहे. बुडालेल्या जमिनीवर पीककर्ज मिळत नाही. पीक पाहणी मोबाइलवर करायची तर फोटो काय तिवराचा काढायचा? पोरं पेणला, पनवेलला कामाला लागतात. मग एक दिवस पांढऱ्या गाडीतून एजंट येतो. बोलायला फार गोड. म्हणतो, काका, या पाण्याचं तुम्ही काय करणार, त्यात जंगल लागलंय, तुम्हांला ते कधी काढता येणार नाही, आम्ही रिस्क घेतो. आणि चांगल्या शेताच्या दराच्या चौथाईने सौदा करतो. आमच्या शेजारच्या घराने दिली. ज्याला शेत म्हणून वापरायची बंदी आहे ती जमीन हा माणूस कशाच्या भरवशावर घेतो? त्याला वाटतं त्याच्या शेटला परवानगी मिळेल. आम्हांला न मिळालेली परवानगी त्याला मिळेल अशी त्याची खात्री आहे, आणि त्याच्या खात्रीवर माझाही विश्वास आहे. झाडांना संरक्षण मिळालंच पाहिजे, पण संरक्षणाचा शिक्का शेतकऱ्याला हाकलण्यापुरता वापरला आणि पुढे विकत घेणाऱ्यासाठी पुसला, तर त्यात झाडही जाणार आणि शेतही.

मागणं मोठं नाही. जुने गटाचे नकाशे भूमी अभिलेखात आहेत. त्यांवर बाहेरकाठ्याची रेषा आहे. ती रेषा जमिनीवर आखा. तिच्या बाहेरचं सगळं रान राखीव करा, त्याला पन्नास नाही शंभर मीटर द्या, गाव राखण करील, फुकट करील, आजवर केलंच आहे. रेषेच्या आत जिथे शेत होतं तिथे आधी खांड बुजवा. बांध सरकारी असेल तर सरकारने, गावचा असेल तर गावाला हात लावू द्या. खारं पाणी थांबलं की पुढचं काम पाऊस करतो. आणि आत उगवलेलं रान इतकं मोलाचं वाटत असेल की ते ठेवायचंच आहे, तर तेही होऊ दे, पण मग जमीन रीतसर संपादन करा आणि बागायतीचा मोबदला द्या, नाहीतर दरवर्षी एकरी भाताच्या किमतीइतकं भाडं द्या. तिवरं हवेतला कार्बन धरून ठेवतात, त्याला जगात बाजारभाव आहे असं सांगतात. असेल तर ज्याच्या जमिनीवर तो धरला जातो त्याला त्यातलं काहीतरी मिळू दे. फुकटात जंगल फक्त गरिबाच्याच शेतात का उगवावं?

आमच्या गावात पंचाहत्तरी ओलांडलेले तिघे जण आहेत. तिघेही जोळीत वाढलेले. ओहोटीला तिवरांतून ते बाहेरकाठ्याच्या रेषेवरून अजून चालत जातात, कुठे उघाडी होती, कुठे कोणाचा हिस्सा संपायचा ते काठीने दाखवतात. गेल्या उन्हाळ्यात पोरांनी त्यांच्या मागून जाऊन बांबू रोवले, पावसाळ्यात निम्मे वाहून गेले. मोजणीदार पाठवायचा असेल तर या तिघांचे पाय चालताहेत तोवर पाठवा. भांगाची तिथी आणि ओहोटीची वेळ आम्ही कळवू.